आधी नजर घ्यायची

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडायला लागलं आणि दुपारची शांतता मोडली. मी वही तशीच उपडी टाकून स्वयंपाकघरात धावले, गॅस बंद केला. मागे वळले तर रेवा दारात उभी. एका गालावर उशीची घडी उमटलेली, डोळे अर्धे मिटलेले.

तिला काहीतरी हवं होतं, पण ती मागत नव्हती. माझ्या गाऊनचं टोक धरून नुसती उभी राहिली. पाच वर्षांची आहे. आदल्याच दिवशी तिच्या बाईंनी मला शाळेच्या फाटकाशी थांबवून सांगितलं होतं, की सगळं येतं हो तिला, पण वर्गात उभं केलं की स्वतःच्या बुटांकडे बघत राहते, आवाज पहिल्या बाकापर्यंतही येत नाही. घरी आल्यावर मी तिला तीनतीनदा बजावलं होतं, मोठ्याने बोलायचं, घाबरायचं नाही. ती दर वेळी मान हलवत होती आणि दर वेळी आणखी लहान होत होती.

मी तिला मांडीवर घेतलं. म्हटलं, "आईला बोलता येत नव्हतं तेव्हाची गोष्ट सांगू?"

तिने मान वर केली.

तिला सांगितली ती तिला झेपेल एवढीच. इथे लिहिते आहे ती सगळी.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. टेक्स्टाइलचा डिप्लोमा नुकताच हातात आला होता, आणि जयसिंगपूरहून रोज सकाळी बसने इचलकरंजीला जायचे. तिथे शहाण्णव यंत्रमागांच्या एका कारखान्यात मला कापड तपासायला ठेवलं होतं, तीन महिन्यांच्या बोलीवर. तीन महिने झाले की ठेवायचं की नाही ते मालक ठरवणार. मालकांना सगळे श्रीपाल अण्णा म्हणत. माझ्या आधी दोघी येऊन गेल्या होत्या. दोघींना त्यांनी ठेवलं नव्हतं आणि दोघींचं कारण एकच सांगितलं होतं, की पोरगी हुशार आहे पण काय बोलते ते कळत नाही.

माझंही कळत नव्हतं. मी वही घेऊन ऑफिसात जायचे, एक वाक्य सुरू करायचे, तेवढ्यात अण्णांचा फोन वाजायचा किंवा कुणीतरी सहीला कागद पुढे सरकवायचं, आणि माझं वाक्य जिथल्या तिथे राहायचं. उरलेलं मी वहीलाच सांगून बाहेर यायचे.

शेडमध्ये तर बोलणं म्हणजे काय हाच प्रश्न होता. शहाण्णव माग एकदम चालू असले की जमीन पायांतून वर चढते. आवाज मोठा आहे असंसुद्धा वाटत नाही, आपल्याला कान दिले होते हेच आपण विसरतो. पहिल्याच आठवड्यात मी एका विणकराच्या कानाशी तोंड नेऊन जीव खाऊन ओरडले, की तुमच्या कापडाच्या ताक्यात गाठी येतायत. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली होती. मग पाठ फिरवून कामाला लागला.

कुणीतरी माझं मनगट धरलं. चंपाक्का होती ती, शेडच्या कोपऱ्यात कांड्या भरणारी. कोनावरचं सूत छोट्या लाकडी कांड्यांवर गुंडाळून घ्यायचं आणि त्या कांड्या मागामागावर पोचवायच्या, मागात आडवा धावणाऱ्या धोट्यात बसवण्यासाठी, हे तिचं काम. पन्नाशी उलटलेली, काटक. केसांवर आणि भुवयांवर सुताची बारीक धूळ बसलेली, त्यामुळे सकाळी काळी आलेली बाई संध्याकाळी पांढरी होऊन घरी जायची.

तिने मला खिडकीपाशी नेलं, स्वतःकडे वळवलं आणि म्हणाली, "किंचाळतीस कशाला गं पोरी? हितं कान कुणाचं चालत्यात? डोळं चालत्यात."

तिच्या तोंडून आवाज निघाला नव्हता, निघाला असता तरी पोचला नसता. नुसते ओठ हलले होते. आणि मला अक्षर न् अक्षर कळलं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले.

तिने मग मला शिकवायला घेतलं. शिकवायला घेतलं म्हणजे टोमणे मारायला घेतलं. चहाची सुट्टी शेडमध्ये एकदम होत नसे, माग थांबवायचे नाहीत म्हणून एकेकाने कोपऱ्यात जाऊन कप रिकामा करायचा. माझा कप मी तिच्या मशीनपाशी नेऊ लागले. तोंड उजेडाकडे कर, म्हणायची, उजेड नाही पडला तर शब्द दिसायचा कुठनं. तुझे ओठ म्हणजे कुलूप लावलेलं दुकान आहे, म्हणायची. काल ऑफिसात गेली होतीस, तिथं कोण बोललं, तू का तुझी वही? मी हसायचे. हसू नको, म्हणायची, हसलीस की ओठ फाकतात आणि अर्ध्या गोष्टी सांडतात.

एका गोष्टीवर मात्र ती कधी थट्टा करत नसे. "आधी नजर घ्यायची," ती म्हणायची. "नजर मिळंस्तवर ओठ हलवायचा न्हाई. मग एकच गोष्ट सांगायची. मग गप ऱ्हायाचं. म्होरच्यानं ती खाल्ली का बघायचं, मगच दुसरी वाढायची."

मला ही सगळी गंमत वाटत होती. तिची ताकद मला कळली ती मारुती नावाच्या विणकराचा निरोप आला त्या दिवशी.

मारुती शेडच्या पार टोकाला सहा माग सांभाळायचा. लग्नाला अकरा वर्षं झालेली, मूल नव्हतं. त्या सकाळी त्याची बायको दवाखान्यात होती आणि तो कामावर आला होता, कारण घरी बसून जीव राहत नाही म्हणाला. साडेदहाला ऑफिसात फोन आला. निरोप पोचवायला मला पाठवलं. मी दारातून आत शिरले आणि एवढ्या लांब कसं पोचायचं या विचारात असतानाच चंपाक्काने माझी नजर पकडली. मी उजेडात सरकले आणि म्हटलं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

तिने हातातली रिकामी कांडी वर धरली. तीन मागांपलीकडच्या विणकराने मान वळवली. चंपाक्काचे ओठ हलले. तो वळला, त्याने पुढच्याची नजर घेतली. आणि मग मी असं काही बघितलं, जे त्यानंतर मला कुठेच बघायला मिळालेलं नाही. ती बातमी चालत गेली. शहाण्णव माग जमीन हादरवत होते आणि त्यांच्यामधून एकेक चेहरा उजळत जात होता. माणसं हसत होती, एकही हसू ऐकू येत नव्हतं. हात कुणाचे थांबले नव्हते. गाठ मारता मारता, कांडी बदलता बदलता ती मुलगी एकाकडून दुसऱ्याकडे जात होती, कुणी तिला सांडलं नाही, कुणी तिच्यात आपल्या पदरचं काही घातलं नाही. सगळ्यात शेवटी ती बापापाशी पोचली. मारुतीने ओठ वाचले. तो तसाच उभा राहिला. मग एकेक करून त्याने आपले सहाही माग बंद केले आणि डोक्यावरचा रुमाल काढून तोंडावर धरला.

मी चंपाक्काकडे वळले. ती कांड्या मोजून टोपलीत टाकत होती, जणू काही झालंच नव्हतं.

त्यानंतर महिन्याभराने घडलेली गोष्ट. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याची शर्टिंगची मोठी ऑर्डर मागांवर होती. गुरुवारी मी माझ्या टेबलावर ट्यूबलाइटखाली ताका पसरला. कापडावर हातहातभर अंतराने फिकट आडव्या पट्ट्या. दुसरा ताका, तिसरा, तेच. अण्णांनी कापड बघितलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला, की मागांची जुळणी बिघडली आहे. मागांची जुळणी म्हणजे बशीरमामा. ते जॉबर होते, माग दुरुस्त करणारे, बावीस वर्षं त्या शेडमधला प्रत्येक माग त्यांनी खोलून पुन्हा उभा केला होता. ते दिवसभर पाना घेऊन एकेका मागाखाली शिरत होते आणि बाहेर येऊन एकच सांगत होते, की माग बरोबर आहेत.

माझी वही त्यांच्या बाजूची होती. एकाच मागावर पट्टी येत होती, जात होती, परत येत होती. जुळणी बिघडलेली असती तर पट्टी गेली नसती. कापडातलं आडवं सूत कांडीतून येतं, म्हणून मी चंपाक्काकडे गेले. मी काही सांगायच्या आत तिने माझ्या दोन्ही हातांत एकेक कांडी ठेवली आणि डोळे मिटायची खूण केली. मी बोटं फिरवली. डावीकडचं सूत किंचित खरखरीत होतं. एवढं किंचित की डोळे उघडे असते तर लागलं नसतं.

"बुधवारपास्नं," ती म्हणाली. "पोती नवी हायत. टोक हिरवंच हाय, म्हणून कुणी बघितलं न्हाई."

आमच्या शेडमध्ये सूत रंगावरून ओळखायचे. कोनाच्या टोकाला हिरवा रंग म्हणजे आपलं नेहमीचं सूत, मग पोत्यावरची चिठ्ठी कुणी वाचत नसे. नव्या पोत्यांतल्या कोनांची टोकंही हिरवीच होती, पण गिरणी दुसरी होती. तिने कमरेला खोचलेली त्या पोत्यावरची चिठ्ठी काढून मला दिली. नेहमीच्या गिरणीचं सूत वेळेत आलं नाही म्हणून अण्णांनी स्वतः हे आणलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, तुम्हाला कळलं होतं तर बोलला का नाहीत?

"मला कोन इचारतंय?" ती म्हणाली. मग कांड्यांकडे बोट करून, "भरल्या माझ्याच हातानं. उद्या म्हंतील चंपीनं सूत मिसळलं. तुला तर बोलायलाच ठेवलंय न्हवं?"

शुक्रवारी मी ऑफिसात गेले. चिठ्ठी वहीत घालून नेली होती. "अण्णा, ते सूत जरा," एवढं मी म्हणाले आणि फोन वाजला. फोन ठेवून त्यांनी मान वर न करता सांगितलं, की बशीरला सोमवारपासून येऊ नको म्हटलंय, त्याच्या जागी दुसरा जॉबर येतोय, उद्या व्यापाऱ्याचा माणूस बघायला येणार, टेबल स्वच्छ ठेव. मी बाहेर आले. चिठ्ठी वहीतच होती.

शनिवारी व्यापाऱ्याचा माणूस आला. पांढराशुभ्र शर्ट, शेडच्या दारातच दोन्ही कानांत बोटं. अण्णा त्याला मागांमधून फिरवत होते. मधल्या रांगेत बशीरमामा पाना हातात घेऊन उभे होते. अण्णांनी त्या माणसाच्या कानाशी वाकून काहीतरी ओरडून सांगितलं आणि बशीरमामांकडे बोट केलं. काय सांगितलं ते ऐकायची गरज नव्हती. बशीरमामा हातातल्या पान्याकडे बघत राहिले. बावीस वर्षांत त्या माणसाला कुणी खाली बघताना पाहिलं नसेल.

मी पलीकडच्या रांगेत होते. चंपाक्काने कोपऱ्यात आपलं मशीन बंद केलं होतं. मला वाटलं ती काही खूण करेल. तिने काहीच केलं नाही, नुसती बघत राहिली.

मी चालायला लागले. दक्षिणेच्या खिडकीचा झोत मधल्या रांगेत जिथे पडतो तिथे जाऊन उभी राहिले, अण्णांच्या समोर. अण्णा माझ्यावरून नजर फिरवून पुढे बघायला लागले. एरवी मी इथेच बोलून मोकळी झाले असते, त्यांच्या खांद्याशी, त्यांच्या मनगटातल्या घड्याळाशी. मी थांबले. त्यांनी पुन्हा बघितलं, सरक म्हणून हात केला. मी थांबले. तिसऱ्यांदा त्यांनी बघितलं ते माझ्या डोळ्यांत.

अण्णांचे वडील मागावर काम करायचे. अण्णा लहानपणी या मागांमध्येच डबा खायला बसायचे, असं सगळे सांगत. मालक झाल्यावर त्यांना शेडमध्ये ओठांनी बोलताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांना अजून ती भाषा येते का, हे मला ठाऊक नव्हतं.

आवाज न काढता मी म्हटलं, "अण्णा, सूत बदललंय."

आणि गप्प राहिले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांना कळलं होतं.

"दोन गिरण्यांचं सूत एका कापडात आहे."

त्यांच्या शेजारी तो माणूस कानांत बोटं घालून छताच्या पंख्यांकडे बघत होता. मी ती चिठ्ठी तळहातावर ठेवून कमरेच्या खाली धरली, फक्त त्यांना दिसेल अशी. अण्णांनी ती वाचली.

"टोक दोन्हींचं हिरवं. चंपाक्काला कळायला मार्ग नव्हता. बशीरमामांचे माग बरोबर आहेत."

किती वेळ गेला सांगता येत नाही. अण्णांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यावर कसलाच भाव राहिला नाही. मला वाटलं, आता ते बसची वेळ विचारतील आणि मला घरी पाठवतील. मग त्यांचे ओठ हलले. ऑफिसात ते कधी बोलत नसत त्या बोलीत, एकही अक्षर न चुकवता.

"कुणाकुणाला ठावं हाय?"

मी एक पाऊल बाजूला झाले.

अण्णा मागे वळले. सोळा माणसं सोळा जागी उभी होती. हात चालू होते, कांड्या बदलत होते, तुटलेलं सूत जोडत होते, पण एकही डोळा हातांकडे नव्हता. सगळे आमच्याकडे बघत होते. मी उजेडात उभी होते. ज्यांना दिसले त्यांनी माझे ओठ वाचले होते, ज्यांना दिसले नाहीत त्यांना शेजाऱ्याने सांगितलं होतं. मारुतीपर्यंत पोचलं होतं. नंतर मी मोठ्या सभागृहांत बोलले, माइक हातात घेऊन बोलले. पण एवढ्या माणसांनी एवढं ऐकून घेतलं असं पुन्हा कधी झालं नाही. मला माझीच भीती वाटली, आणि मग वाटेनाशी झाली.

अण्णांनी बशीरमामांकडे बघितलं आणि वाट पाहिली. मालकाने नोकराच्या नजरेची वाट पाहिली. बशीरमामांनी पान्यावरून डोळे वर उचलले.

"सोमवारी ये," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी व्यापाऱ्याच्या माणसाचा दंड धरला आणि त्याला ऑफिसात नेलं. तिथे काय झालं ते नंतर कळलं. अण्णांनी स्वतःच त्याला सांगितलं, की सूत मी बदललं, चूक माझी, हा सगळा माल पुन्हा विणून देतो. तो माणूस बराच चिडला. अर्धी ऑर्डर त्याने दुसरीकडे दिली, अर्धी ठेवली.

मी चंपाक्काकडे बघितलं. तिने मशीन पुन्हा चालू केलं होतं. लांबूनच तिने माझी नजर घेतली. मला वाटलं, आता शाबासकी.

"तीन गोष्टी एकदम वाढल्यास शेवटाला," ती म्हणाली. "घास अडाकला आस्ता त्येंच्या."

सोमवारी अण्णांनी मला बोलावलं. बस म्हणाले. फोन वाजला तो त्यांनी उचलला नाही. "हे ऑफिसात का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघेपर्यंत मी थांबले. "सांगितलं होतं, अण्णा. शुक्रवारी."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, पुढच्या महिन्यापासून तू कायम.

त्याच महिन्याच्या शेवटी चंपाक्का लेकीकडे चिकोडीला राहायला गेली, कायमची. शेवटच्या दिवशी तिने भरलेल्या कांड्यांची टोपली मागामागावर नेली, प्रत्येकाचा निरोप घेतला. माझ्यापाशी सगळ्यात शेवटी आली. माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि म्हणाली, "आता दुसऱ्या कुनालातरी शिकीव." माग चालूच होते. ती मागच्या दाराने निघून गेली. पुन्हा भेट झाली नाही. काही वर्षांनी ते माग भंगारात गेले, असं ऐकलं.

मुलगी झाल्याची बातमी चालत गेली तो भाग रेवाने माझ्याकडून दोनदा सांगून घेतला होता. आवाज न काढता तिने मला "दूध" असं म्हणून दाखवलं, मला कळलं म्हणून खूश झाली. मी तिला पेल्यात दूध गार करून दिलं. दोन घोट पिऊन ती थांबली आणि स्पष्ट, स्वच्छ आवाजात म्हणाली,

"आई, त्या आजीचा आवाज कसा होता?"

मी सांगायला तोंड उघडलं. मग मनातल्या मनात सगळे दिवस पुन्हा चाळले. लाइट गेली की माग थांबायचे, पण तेव्हा ती पदर तोंडावर घेऊन पोत्यांवर आडवी व्हायची. सकाळी मी पोचायचे तेव्हा माग सुरू झालेले असायचे, आणि संध्याकाळी ती माझ्या आधी, मागच्या दाराने निघायची. निरोपाच्या दिवशीसुद्धा शहाण्णव माग चालू होते. तिचं प्रत्येक वाक्य मला आजही पाठ आहे.

रेवा माझ्याकडे बघत होती.

"सांग ना," ती म्हणाली. "बारीक होता, का जाड?"